बाटल्यांवर गेलेलं प्रकरण

आमच्या डॉक्टरांच्या पुस्तकातलं एक प्रकरण मी घालवलं, त्याला आता पंचवीस वर्षं होतील. घालवलं म्हणजे ते गहाळ झालं असं नाही. ते कुठे गेलं हे मला नेमकं माहीत होतं. त्याचे एकशे अठ्ठावीस तुकडे झाले होते, आणि त्यांतले सत्त्याऐंशी औषधाच्या बाटल्यांना चिकटून चिंचवडपासून मोशी-चिखलीपर्यंत घरोघरी गेले होते. शेवट बरा झाला, हे आधीच सांगतो. मला स्वतःला गोष्टीत ताटकळत ठेवलेलं आवडत नाही, म्हणून मी इतरांनाही ठेवत नाही.

बाटलीवरची पट्टी म्हणजे काय, हे आता मुलांना समजावून सांगावं लागतं. त्या काळी डॉक्टर बहुतेकांना पातळ औषध देत. बाटली रोग्याने घरून धुऊन आणायची. कंपाउंडर तिच्यात औषध भरायचा आणि बाहेरून कागदाची एक उभी पट्टी खळीने चिकटवायचा. पट्टीच्या कडांना कात्रीने खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. ज्या बाईला अक्षर ओळखता येत नसे तिलाही औषध कुठवर उतरलं पाहिजे हे खाचेवरून कळायचं. औषध संपलं की तीच बाटली घेऊन माणूस परत यायचा, जुनी पट्टी निघायची, नवी लागायची.

डॉक्टरांचा दवाखाना चिंचवडच्या गावठाणात होता. पुढे दोन खोल्या दवाखाना, मागे घर. सकाळी आठ ते एक रोगी, दुपारी सायकलवरून थेरगाव-वाकडकडच्या व्हिजिटा, संध्याकाळी परत रोगी. या सगळ्यात ते लिहायचे कधी, असं लोक विचारत. मी पाहिलं आहे म्हणून सांगतो: एक रोगी बाहेर जाऊन दुसरा आत येईपर्यंत जो वेळ जातो, त्यात. रोगी म्हातारा असला आणि त्याला उंबरा ओलांडायला वेळ लागला, तर डॉक्टरांची तीन-चार वाक्यं होत.

त्यांच्या तेव्हा चार कादंबऱ्या छापून झाल्या होत्या. पुण्यातल्या वाचनालयांत त्या चांगल्या फिरत. गावात मात्र थट्टाच जास्त. एकदा शाळेचे हेडमास्तर खोकल्याचं औषध घ्यायला आले आणि म्हणाले, "डॉक्टर, कादंबरीत तुम्ही माणसं पटापट मारता हो. इकडे मात्र मला चार आठवडे झुलवताय."

"तिथे नातेवाईक विचारायला येत नाहीत," डॉक्टर म्हणाले.

मी पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होतो. वय एकतीस. माझी थोरली मुलगी दीड वर्षाची असताना तिला ताप आला, तेव्हा मी दर चार तासांनी ताप मोजून त्याचा तक्ता आखला होता. डॉक्टरांनी तो तक्ता उजेडात धरून पाहिला. म्हणाले, "असं अक्षर आणि अशा ओळी! तुम्ही माझ्या लिखाणाच्या पक्क्या प्रती कराल का? छापखान्यात माझं अक्षर वाचून एकजण नोकरी सोडून गेला." मुलगी बरी झाली होती. मी हो म्हणालो.

त्यानंतर मी त्यांच्या दोन कादंबऱ्या उतरवल्या. मला कादंबऱ्यांची गोडी नाही. पण दुसऱ्या प्रकरणात एकोणीस वर्षांची असलेली नायिका दोन वर्षांनी वीसच वर्षांची झाली, हे मला सहन झालं नाही. रविवारी सकाळी सायकल भाड्याने घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. ते इतके खूश झाले की बायकोला बाहेर बोलावून म्हणाले, "हे बघ, आपल्याकडे चित्रगुप्त आला आहे." तेव्हापासून ते मला चित्रगुप्तच म्हणत.

दवाखान्यात कागद वाया जात नसे. तिथे एक नियम होता आणि तो सगळे पाळत. दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद अंघोळीच्या बंबाजवळच्या टोपलीत टाकायचा. एक बाजू कोरी असेल तर तो कंपाउंडरच्या टेबलावर, पट्ट्यांसाठी. कादंबऱ्यांची बाद झालेली पानं एकाच बाजूने लिहिलेली असत. त्यामुळे आमच्या भागातल्या कितीतरी बाटल्यांवर नायक-नायिका चिकटलेले होते. लिहिलेली बाजू काचेकडे असायची, कोरी बाहेर. म्हणून बाटली रिकामी झाली की पलीकडच्या बाजूने काचेतून मजकूर वाचता यायचा. हेडमास्तरांना तो नादच लागला होता. "अहो, ती बाई विहिरीवरून परत आली का, ते पुढच्या बाटलीत कळेल ना?" असं ते कंपाउंडरला विचारत.

पण डॉक्टरांचा खरा जीव कादंबरीत नव्हता. त्यांना लहान मुलांच्या संगोपनाचं पुस्तक काढायचं होतं. प्रकाशक म्हणाला होता, "कादंबऱ्या खपतात म्हणून हे छापतो. पण कागद महिनाअखेरीपर्यंत छापखान्यात आले पाहिजेत. नंतर शाळेच्या पुस्तकांचं काम सुरू होतं. मग पुढच्या वर्षी बघू. बघू म्हणजे, छापूच असं नाही." बाकीची प्रकरणं मी उतरवून दिली होती. एक राहिलं होतं, 'तापातलं मूल'. ते डॉक्टर दोन वर्षं लिहीत होते. दूरच्या वाडीवरून मूल दवाखान्यात आणेपर्यंत दिवस जातो. तोवर घरात हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या असतात आणि आईबाप अंदाजाने देतात. ते म्हणायचे, "बाकीचं पुस्तक कुणी वाचलं नाही तरी चालेल. या प्रकरणातला मात्रेचा तक्ता घराघरात भिंतीला लागला पाहिजे." हे सांगताना ते विनोद करत नसत.

या प्रकरणाचं कच्चं लिखाण दोन्ही बाजूंनी, बारीक अक्षरात होतं. समासात बाणांनी जोडलेली भर, भरीवर भर. मी त्याची चौदा पानांची पक्की प्रत केली, जाड कागदावर. छापखान्याच्या अटीप्रमाणे एका बाजूने.

शनिवारी अर्धा दिवस असायचा. दुपारी मी दोन्ही गठ्ठे घेऊन गेलो. डॉक्टर व्हिजिटला गेले होते. कच्चं लिखाण दोन्ही बाजूंचं, म्हणून नियमाप्रमाणे बंबाच्या टोपलीत टाकलं. पक्की प्रत कंपाउंडरच्या टेबलावर ठेवली आणि त्याला म्हणालो, "डॉक्टरांना द्या." तो तेव्हा कोणाचा तरी कान धूत होता. त्याने मान हलवली. ती मला उद्देशून होती की पिचकारीच्या धारेसाठी, याची मी खात्री करून घेतली नाही. अशा रीतीने नियम पाळून मी दोन्ही प्रती एकाच दुपारी घालवल्या.

मंगळवारी संध्याकाळी कामावरून येताना मी सहज डोकावलो. डॉक्टर म्हणाले, "काय चित्रगुप्त, आमचं मूल तापातून उठलं का नाही अजून?"

"शनिवारीच दिलं की," मी म्हणालो.

कंपाउंडरच्या हातात कात्री होती. ती त्याने खाली ठेवली. मग त्याने हळूच पुढ्यातला गठ्ठा उचलून माझ्यासमोर धरला. सहा पानं शिल्लक होती.

"राव, एका बाजूने कोरं होतं," तो म्हणाला. "एवढा चांगला जाड कागद. मला वाटलं, नवी कादंबरी बाद झाली."

"कादंबरी असती तर तुला पेढे दिले असते," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी आत हाक मारली, "अगं, टोपलीत बारीक अक्षराचे कागद होते, त्यांचं काय झालं?"

आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "काल सकाळी अंघोळ केलीत ना कढत पाण्याने? तेच ते."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाकावर अजून पाच रोगी होते. त्यांनी पाचही रोगी तपासले. एकालाही घाईने उठवलं नाही, मी पाहत होतो. सगळे गेल्यावर म्हणाले, "मला हे पुन्हा लिहायचं तर चार महिने लागतील. आपल्याकडे दिवस किती?"

"सव्वीस."

"मग राहू द्या. पुढच्या वर्षी बघू."

ते 'बघू' प्रकाशकाचंच होतं, हे आम्हा दोघांनाही कळलं. मी म्हणालो, "जोडून आणतो." असं मोठं बोलण्याचा माझा स्वभाव नाही. पण ती दोन्ही कामं माझ्या हातची होती, आणि दुसरं काय म्हणावं ते सुचलं नाही.

तिथेच बसून मी हिशेब मांडला. आठ पानं कापली गेली होती. कंपाउंडर एका पानाच्या सोळा पट्ट्या करायचा. आठ सोळे एकशे अठ्ठावीस. खणात न वापरलेल्या एक्केचाळीस मिळाल्या. उरल्या सत्त्याऐंशी. दवाखान्याच्या वहीत रोज कोणाला औषध दिलं, कुठल्या गावचा माणूस, हे लिहिलेलं असे. सोमवार आणि मंगळवारची बेरीज सत्त्याऐंशीच आली. आकडा जुळल्यावर मला थोडा धीर आला. कुठे आहेत हे ठाऊक असलेल्या वस्तू हरवल्या असं मी समजत नाही.

पहिल्या आठवड्यात काम आपोआप झालं. लोक बाटल्या घेऊन परत येतच होते. कंपाउंडर गरम पाण्यात बाटली धरायचा, पट्टी अलगद सुटायची, आणि तो ती पुस्तकाच्या पानात दाबून ठेवायचा. ही चूक त्याला माझ्याहून जास्त लागली होती. एरवी नखाने खरवडून पट्टी काढणारा माणूस आता फुलाची पाकळी काढावी तशी काढू लागला. मी पक्की शाई वापरली होती, त्यामुळे अक्षरं फुटली नव्हती. आठ दिवसांत बावन्न पट्ट्या आल्या.

त्या जोडायच्या कशा, हा पुढचा प्रश्न. प्रत्येक पट्टीवर तीन-चार अर्ध्या ओळी, त्यांतही खाचेत गेलेली अक्षरं. पहिल्या दिवशी संध्याकाळी दोन तास बसून मी चार पट्ट्या जुळवल्या. माझी बायको पलीकडे झबलं शिवत होती. दोन वेळा तिने माझ्याकडे पाहिलं, तिसऱ्या वेळी म्हणाली, "अहो, वाचता कशाला? खाचा बघा ना."

"खाचांचं काय?"

"एका पानाच्या पट्ट्या त्याने एकत्र धरून कातरल्या असणार. मी चार झबल्यांचे गळे एकदम कापते तशा. एकसारख्या खाचा एकीकडे काढा, पानं वेगळी होतील."

तिने झबलं बाजूला ठेवलं आणि अर्ध्या तासात सगळ्या पट्ट्यांचे आठ ढीग केले. मी नुसता पाहत बसलो. मग म्हणाली, "आता काय ते वाचा."

तिचं बरोबर निघालं. त्यानंतर खोलीभर पट्ट्या पसरलेल्या असायच्या. मुलीला आम्ही पलंगावर ठेवायचो आणि पंखा वारायला बंदी होती.

उरल्या पस्तीस. ही माणसं बरी झाली होती, त्यामुळे ती बाटली घेऊन परत येणार नव्हती. डॉक्टर म्हणाले, "मी औषध चांगलं दिलं, ही माझीच चूक." वहीतून मी गावं उतरवून घेतली आणि सलग दोन रविवार सायकल भाड्याने घेऊन फिरलो. सायकलवाले चाचा स्टेशनजवळ दुकान टाकून होते. पहिल्या रविवारी त्यांनी विचारलं, "कुठे चाललात एवढ्या लांब?" मी कारण सांगितलं. त्यांनी आत जाऊन आपल्या घरातली बाटली आणून दिली आणि म्हणाले, "ही पण घ्या. खोकल्याची होती. बेगमने सिरका भरलाय, पट्टी काढून बाटली परत द्या." वहीत पाहिलं तर तेही पस्तिसांतलेच होते. चौतीस राहिले.

रिकामी बाटली घरात नुसती पडून राहत नाही, हे मला त्या फिरण्यात कळलं. कोणी तीत तेल भरलं होतं, कोणी मध. आकुर्डीच्या एका म्हातारबाबांनी तपकीर भरली होती. बाटली मागितली की लोक घाबरायचे. औषध चुकीचं दिलं गेलं, असं त्यांना वाटे. मग मी आधीच सांगू लागलो, "औषध बरोबर होतं, कागद चुकीचा लागला." तरी निगडीत एका माणसाने मला स्वच्छ विचारलं, "मग मी बरा झालो तो कशाने?"

दुसऱ्या रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला मी मोशीला पोचलो. वहीप्रमाणे घर सापडलं. एक बाई ओसरीवर ज्वारी निवडत होती, शेजारी तिची सासू, आणि भिंतीला धरून उभं राहणारं एक बाळ. बाटलीची त्यांनी चिमणी केली होती. बुचाला भोक पाडून वात घातलेली, आत रॉकेल, बाहेर काजळी. पट्टीत तेल मुरून कागद पारदर्शक झाला होता.

"बाटली न्हाई देनार," बाई म्हणाली. "रातच्याला उजेड कशाचा करू?"

"नका देऊ. मी इथेच बसून उतरवून घेतो."

"लिवा की मास्तर." खिशाला पेन पाहून तिने मला मास्तर करून टाकलं होतं.

मी चिमणी उन्हात धरली आणि काचेतून वाचून लिहू लागलो. ती तक्त्यातली पट्टी होती. मला सवय आहे, आकडे उतरवताना मी मोठ्याने म्हणतो. "सहा महिने ते एक वर्ष, अर्धी पुडी."

"कशाची?" बाईने विचारलं.

"कोयनेलची."

"न्हाई."

मी वर पाहिलं. "काय नाही?"

"आर्धी न्हाई. पाव. दोन-तीन म्हयन्यांमागं ह्याला हिवताप आलता, दहा म्हयन्यांचा व्हता. डाक्टरांनी माज्या म्होरं पुडी सोडली, कागदावर चार वाटं केलं, आन् म्हनले ह्यातला येकच द्यायचा. जास्ती दिलास तर कानात वाजंल, डोळ्याला लागंल."

"अहो बाई, हे डॉक्टरांच्याच पुस्तकातलं आहे."

"आसंल. पर मला त्येंनीच सांगितलंय, आन् त्ये काय कागदावरनं बोलत न्हवतं." ती ज्वारी निवडतच होती. "लिवलं कुनी ह्ये?"

"मी."

"मग तुमीच चुकला."

सासू तोंडावर पदर घेऊन हसली. म्हणाली, "आगं, मास्तर हाईत त्ये."

"मास्तर चुकत न्हाईत व्हय?"

मला राग आला, हे मी कबूल करतो. स्टोअरमध्ये सात वर्षांत माझी एकही नोंद खोडावी लागली नव्हती. मी पट्टी उतरवून घेतली, नमस्कार केला आणि निघालो. पण मोशीपासून चिंचवडपर्यंत जितक्या वेळा पायडल फिरलं तितक्या वेळा 'पाव' आणि 'अर्धी' हेच डोक्यात. तक्त्याच्या शेवटच्या दोन ओळींत मात्रा एकच होती, दीड पुडी. उतरवताना ते मला खटकलं होतं. वय वाढलं आणि मात्रा वाढली नाही, असं का? पण मी विचारलं नव्हतं.

घरी येऊन मी तक्त्याच्या सगळ्या पट्ट्या एका ओळीत लावल्या आणि मग कच्चं पान आठवायचा प्रयत्न केला. ते आठवलं. डॉक्टरांच्या कागदावर तक्ता मध्येच तुटला होता. वयाची पहिली ओळ पुढच्या बाजूला अगदी तळाशी, बाकीच्या चार पाठीमागे. मात्रा समासात, तिरप्या. मी स्टोअरच्या सवयीने आधी वयांचा रकाना पूर्ण केला. त्यासाठी पान उलटलं. मग मात्रांचा रकाना घेतला तो उलटलेल्या बाजूच्या पहिल्या आकड्यापासून. पुढच्या बाजूचा 'पाव' मागेच राहिला. प्रत्येक मात्रा एक ओळ वर सरकली. शेवटी एक वय मात्रेवाचून उरलं. डॉक्टरांचा 'दीड' दोन ओळींच्या मध्येच कुठेतरी लिहिलेला होता, तेव्हा तो दोघांना मिळून असेल असं मी ठरवलं आणि दोनदा लिहिला.

लिहिणारा माणूस अशी चूक करत नाही. ही चूक फक्त उतरवणाराच करू शकतो.

बायकोने ताट वाढलं होतं. मी जेवलो नाही. ती म्हणाली, "अहो, अजून छापलं कुठंय?" हे खरं होतं आणि ते ऐकून मी पाणी प्यायलो. पण कच्चं लिखाण जळलं होतं. म्हणजे मी गप्प बसून 'अर्धी'चं 'पाव' करून टाकलं असतं, तर कोणालाही कधीच कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. आला, आणि मी पायात चपला घातल्या.

डॉक्टर पेरू खात ओट्यावर बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मोशीच्या बाईपासून तिरप्या आकड्यांपर्यंत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तिचं बाळ कसं आहे?"

"बरं आहे. उभं राहतं."

"हं. म्हणजे ही पानं बाटल्यांवर गेली नसती, तर तशीच छापली गेली असती."

"प्रुफं तुम्ही पाहिली असती ना."

"पाहिली असती. पण दिसलं नसतं. स्वतःचं लिहिलेलं मी वाचत नाही हो, नुसतं ओळखतो. लांबून ओळखीचा माणूस दिसावा तसं." त्यांनी पेरू खाली ठेवला. "मला एक सांगा. माझ्या नायिकेचं वय एक वर्षाने चुकलं, तर तुम्ही रविवारी सायकल मारत आलात. हे खटकलं तेव्हा का नाही आलात?"

"ती कादंबरी होती. हे औषध. औषधातलं मला काय कळतं?"

"अहो, म्हणूनच यायचं होतं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

मग त्यांनी आत हाक मारून माझ्यासाठी चहा मागितला. डॉक्टरीणबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी सगळं आतून ऐकलं होतंच. म्हणाल्या, "आता तुम्ही एकमेकांना माफ करून झालं असेल तर तक्ता लिहून टाका. मी बंब पेटवायच्या आत."

तिथेच ओट्यावर डॉक्टरांनी पाचही मात्रा सांगितल्या. मी एक ओळ लिहायचो आणि उलट वाचून दाखवायचो, वय आणि मात्रा एका दमात. एकूण एकशे बावीस पट्ट्या मिळाल्या होत्या. सहा मिळाल्या नाहीत. तेवढा मजकूर त्यांनी दोन दिवसांत नव्याने सांगितला. त्यात त्यांनी एक वाक्य वाढवलं, जे आधी नव्हतं: पुडी कागदावर सोडावी, बोटाने चार सारखे वाटे करावेत, आणि त्यांतला एक द्यावा. आधी तिथे 'समभाग करावेत' एवढेच शब्द होते.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. पुरी झालेली पक्की प्रत छापखान्यात जाण्याआधी तीन सकाळी त्यांनी मला दवाखान्यात बसवलं आणि बाकावरच्या बायकांना हे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवायला लावलं. मी रजा टाकली. बायका लेकरं मांडीवर घेऊन ऐकत. कोणी म्हणे, "हे बरोबर," कोणी म्हणे, "हे आम्हाला जमायचं नाही, घड्याळ कुठंय घरात?" तिथे डॉक्टर आतून ओरडत, "लिहून घ्या चित्रगुप्त!" घड्याळाच्या जागी आम्ही 'सकाळी, उन्हं डोक्यावर आल्यावर आणि दिवेलागणीला' असं केलं. तक्ता मी रोज वाचला. तिन्ही दिवस कोणी 'नाही' म्हणालं नाही.

महिना संपायला दोन दिवस असताना चौदाऐवजी पंधरा पानं झाली होती. ती घेऊन मी गाडीने पुण्याला गेलो. गठ्ठा कोणाच्या टेबलावर ठेवायचा नाही, हातातच द्यायचा, हे मी ठरवलं होतं. छापखान्यातल्या मुख्य माणसाने पानं चाळली आणि तक्त्यावर बोट ठेवलं.

"हा दोन पानांवर तुटला तर चालेल ना? जागा वाचेल."

"नाही," मी म्हणालो. "एकाच पानावर पाहिजे."

"अहो, पण वरचा मजकूर..."

"वरचा मजकूर कुठेही तोडा. हा नाही. मी थांबतो."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि बहुधा ठरवलं की वाद घालण्यापेक्षा जुळवणं लवकर होईल. त्याने एका जुळाऱ्याला बोलावलं. तो उभ्याने शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा उचलून ठेवत होता आणि मी स्टुलावर बसून पाहत होतो. दीड तासाने त्याने ओल्या शाईचा छाप काढून दिला. पाच ओळी. सहा महिने ते एक वर्ष, पाव. मी वरून खाली वाचला, मग खालून वर. मग मुख्य माणसाला म्हणालो, "बरोबर आहे." त्याने चहा मागवला. मी दोन कप प्यायलो, एरवी मी एकच घेतो.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. शिवाजीनगर गेल्याचं आठवतं. खडकी आठवत नाही. कोणीतरी खांदा हलवला तेव्हा गाडी देहूरोडला उभी होती आणि समोर स्टेशनमास्तर होते. माझं तिकीट चिंचवडपर्यंतचं होतं, हे मी आपण होऊन त्यांना सांगितलं.

"झोप लागली," मी म्हणालो.

"भर दुपारी चार वाजता?" ते म्हणाले. "रात्रपाळी होती का?"

"नाही हो. पुस्तकाचं काम संपलं आज."

त्यांनी जास्तीच्या भाड्याची पावती फाडून हातात दिली आणि विचारलं, "तुम्ही लेखक?"

"नाही, मी नुसतं उतरवतो," मी म्हणालो, आणि चिंचवडच्या दिशेने चालायला लागलो. चार मैल होते. मला ते मुळीच जड गेले नाहीत.